पेटीत कोंडलेली लहर : सिग्नल जनरेटरची गोष्ट

इचलकरंजीचा इतिहास १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणलेल्या पहिल्या यंत्रमागापासून सांगण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. आजचा धागा मात्र त्याच गावातील एका लहानशा टेबलापासून सुरू होतो. हे टेबल रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे.

साठच्या दशकात सांगलीला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. मध्यम लहरी, १२५१ किलोहर्ट्झ. इचलकरंजीपासून अंतर तीसेक किलोमीटर, म्हणजे आवाज खणखणीत. एवढे जवळचे केंद्र असताना रेडिओ जुळवायला वेगळे यंत्र कशाला हवे, असा प्रश्न कोणालाही पडेल. गंमत अशी की केंद्र जवळ असणे हीच अडचण होती.

एडविन आर्मस्ट्राँग याने १९१८ साली शोधलेल्या सुपरहेटरोडाइन पद्धतीत रेडिओ स्वतःही एक लहर निर्माण करतो. काटा सांगलीवर असेल तर ती १७०६ किलोहर्ट्झची असते. दोहोंतील फरक ४५५. कोणतेही केंद्र लावा, फरक तोच राहतो आणि सारे वर्धन त्या ४५५वरच होते. पिवळ्या, पांढऱ्या आणि काळ्या टोपीच्या ज्या आय.एफ. कॉइल्स कारागीर प्लास्टिकच्या पेचकसाने हळुवार फिरवतो, त्या याच आकड्यावर नेमक्या बसवायच्या असतात. परंतु रेडिओत ए.व्ही.सी. नावाची व्यवस्थाही असते. लहर जोरदार आली की ती वर्धन आपणहून कमी करते, म्हणून आवाज सारखा राहतो. श्रोत्याची सोय होते, पण कारागिराची फसगत. कॉइल नेमकी बसली काय नि थोडी ढळली काय, सांगली तितक्याच जोरात ऐकू येते. दूरचे केंद्र घ्यावे तर ते क्षणात चढते, क्षणात बुडते. त्यात मोटारींच्या स्टार्टरची खरखर. कानाच्या भरवशावर सांगलीवरच रेडिओ जुळवून देणारेही होते, आणि त्यांची गिऱ्हाइके रात्री दूरचे केंद्र लावताना तक्रार करीत.

तेव्हा हवी होती ती अत्यंत क्षीण, स्थिर आणि माहीत असलेल्या वारंवारतेची लहर. ती देणारे यंत्र म्हणजे सिग्नल जनरेटर. माझ्या मते या यंत्राच्या इतिहासातील अवघड प्रश्न लहर निर्माण करण्याचा कधीच नव्हता. ती मोजून कमी करण्याचा आणि पेटीबाहेर फुटू न देण्याचा होता.

हा प्रश्न पहिल्यांदा ज्यांनी हाताळला, त्यांत जगदीशचंद्र बोस अग्रभागी आहेत. १८९५च्या सुमारास कलकत्त्यात ते ठिणग्यांपासून काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण करीत होते. लहर मिळाली, पण ठिणगीच्या कॉइलचा चुंबकीय क्षोभ थेट ग्राहकयंत्रापर्यंत पोहोचून मापन बिघडवू लागला. बोसांनी सारी सामग्री दुहेरी भिंतींच्या धातूच्या पेटीत बंद केली, आतील पेटी मऊ लोखंडाची केली आणि लहरीला बाहेर पडण्यास एकच नळी ठेवली. १८९७च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी व्याख्यान दिले, ते याच आटोपशीर उपकरणांसह. आजच्या सूक्ष्मलहरी जनरेटरची अर्धी रचना त्या पेटीत दिसते.

उरलेली अर्धी पुढे रडारच्या काळात रूढ झाली. रसेल आणि सिगर्ड व्हेरियन या बंधूंनी १९३७ साली स्टॅनफर्ड येथे क्लिस्ट्रॉन बनवला. त्याचे रिफ्लेक्स हे लहान रूप महायुद्धात रडारच्या ग्राहकयंत्रात बसले आणि नंतर प्रयोगशाळांच्या बाकावर आले. भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या कितीतरी पिढ्यांनी तो पंख्याच्या वाऱ्यात तापत असलेला पाहिला आहे.

पण खरे कौतुक पिस्टन ॲटेन्युएटरचे. धातूची एक गोल नळी. एका टोकाला लहर सोडणारे वेटोळे, समोर पुढेमागे सरकणारे दुसरे. नळी तरंगलांबीच्या मानाने इतकी अरुंद की लहर तिच्यातून वाहूच शकत नाही, जागीच विरत जाते. किती विरते, ते नळीचा व्यासच ठरवतो: एका व्यासाएवढ्या अंतरामागे सुमारे ३२ डेसिबल. एक व्होल्टचा एक मायक्रोव्होल्ट करायचा म्हणजे १२० डेसिबल. सुरुवातीचे थोडे अंतर सोडले तर पावणेचार व्यास पुरतात. ना नाजूक रोध, ना झिजणारे संपर्क. लेथवर नीट कातलेली नळी हेच माप.

दुकानातील स्वस्त जनरेटरला हे लाभले नव्हते. त्याच्या बटणावर मायक्रोव्होल्ट नव्हे, फक्त ‘हाय’ आणि ‘लो’ लिहिलेले असे आणि पत्र्याच्या फटींतून लहर झिरपे. अनुभवी कारागीर त्यावरही मात करी: वायर न जोडता ती रेडिओच्या फेराइट दांडीजवळ नुसती ठेवायची आणि लहर कमी हवी तशी दूर सरकवायची. पिस्टनचेच तत्त्व नव्हे, पण अंतराने क्षीण करण्याची युक्ती तीच.

यंत्र लहान होत गेले ते घन पदार्थांमुळे. साठच्या दशकाच्या आरंभी आय.बी.एम.च्या जे. बी. गन यांना गॅलियम आर्सेनाइडच्या तुकड्यात सूक्ष्मलहरींची कंपने आढळली. क्लिस्ट्रॉनला लागणारा शेकडो व्होल्टचा पुरवठा अनावश्यक ठरला. सत्तरच्या दशकातील ह्यूलेट-पॅकार्डच्या ८६४०बीमध्ये ५१२ मेगाहर्ट्झपर्यंतची लहर अजूनही हाताने फिरवायच्या धातूच्या पोकळीतून येई. त्या लहरीची शुद्धता नंतरच्या अनेक डिजिटल यंत्रांना साधली नाही, म्हणून जुने जाणकार ती यंत्रे अद्याप जपतात.

आज एडीएफ४३५१ या नखाएवढ्या चिपवर ३५ ते ४४०० मेगाहर्ट्झ मिळतात. पण तिची पातळी तीन-तीन डेसिबलच्या चारच पायऱ्यांत बदलते आणि उघड्या पट्टीवरून लहर चहूकडे पसरते. तिच्यावर ग्राहकयंत्र तपासायचे असेल, तर पुढे ॲटेन्युएटर जोडावा लागतो आणि भोवती झाळलेल्या पत्र्याची पेटी करावी लागते, एकच भोक ठेवून.