जनुकांची आडवाट

शहापूर-मुरबाडच्या शाळांत असो की मुंबईच्या, आनुवंशिकता शिकवताना आपण आई-वडिलांकडून मुलांकडे येणाऱ्या गुणांविषयी बोलतो. जिवाणूंच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. त्यांना शेजाऱ्याकडूनही वारसा मिळतो.

याचे गांभीर्य प्रथम जपानमध्ये ध्यानात आले. १९५०च्या दशकात तेथे हगवणीच्या रुग्णांत सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारही औषधांना एकदम दाद न देणारे शिगेला जिवाणू सापडू लागले. उत्परिवर्तनाने चार गुण एकाच वेळी यावेत हे पटण्यासारखे नव्हते. शिवाय त्याच रुग्णांच्या आतड्यातील ई. कोलाय जिवाणूही तसेच निघाले. १९५९मध्ये जपानी संशोधकांनी हा गुण एका जातीतून दुसरीत जातो, हे प्रयोगाने दाखवले.

तो नेणारे वाहन म्हणजे प्लाझ्मिड. गुणसूत्राहून वेगळे, बहुधा वर्तुळाकार असे हे डीएनए. (हा शब्द लेडरबर्ग यांनी १९५२मध्ये सुचवला.) दाता जिवाणू केसासारख्या तंतूने दुसऱ्याला जवळ ओढतो. प्लाझ्मिडचा एक धागा पलीकडे जातो आणि दोघेही आपापला जोडधागा तयार करतात. वहीतला धडा शेजाऱ्याने उतरवून घेतला तरी मूळ वही कोरी होत नाही, तसेच हे.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईचे आहे. हिंदुजा रुग्णालयात २००९मध्ये कार्बापेनेम या राखीव औषधांना न जुमानणारे २४ जिवाणू तपासले. २२ जणांत एनडीएम-१ हे विकर आढळले. ते २२ एका कुळातले नव्हते. क्लेबसिएला होते, ई. कोलाय होते, आणखीही होते. या विकराचे जनुक बहुधा प्लाझ्मिडवरच असते. हा अहवाल मार्च २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे देशात वाद रंगला तो विकराला दिलेल्या नवी दिल्लीच्या नावावरून! आमच्या मते खरा प्रश्न सांडपाण्याचा होता.

कारण २०११मध्ये दिल्लीत साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत, आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत हे जनुक मिळाले. शहापूर-मुरबाडचा अत्यवस्थ रुग्ण ठाणे-मुंबई गाठतो, बरा होऊन पाड्यावर परततो. आतड्यातले जिवाणूही त्याच्याबरोबर येतात. पुढचा प्रवास शौचालय, ओहोळ आणि विहीर यांवर ठरतो. दिल्लीच्या त्या अभ्यासात प्लाझ्मिडची देवाणघेवाण २५ किंवा ३७ अंशांपेक्षा ३० अंश सेल्सियसला अधिक झाली. आपल्या पावसाळ्यात हे तापमान नेहमीचेच.