न पकडलेल्या माशांचा हिशोब

आजचा प्रश्न साधा वाटतो, पण आहे चकवणारा. समजा कुडव्यासारख्या गावाजवळ एक तलाव आहे आणि त्यात कित्येक वर्षं जाळंच पडलेलं नाही. काठावर उभं राहिलं की मोठाले मासे उसळ्या मारताना दिसतात. मग लोक म्हणणारच, "एवढा माल पडून आहे, विकायला काय हरकत आहे?" पण दरवर्षी किती काढायचा, म्हणजे तो संपणार नाही?

गोंदिया-भंडाऱ्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. कोहळी समाजाने बांधलेले शेकडो तलाव इथे आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि त्यांना नाव पडलं माजी मालगुजारी, म्हणजेच 'मामा तलाव'. पाणी धानाला, मासे ढिवरांना, अशी ढोबळ वाटणी. ढिवरांच्या सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात, आणि ठेक्याची रक्कम ठरते पाण्याच्या क्षेत्रावर. आत मासे किती, हे त्या कागदावर कुठेच नसतं. अंदाज चुकला तर पैसे गेलेच, वर मासेही गेले.

पाण्याखालचं मोजायचं कसं? डेन्मार्कच्या पीटरसनने १८९६ च्या सुमारास माशांना खुणेच्या चकत्या लावून पाण्यात सोडलं. पुढे नॉर्वेच्या क्नुट डाल याने १९१७ मध्ये हीच युक्ती डोंगरातल्या छोट्या तळ्यांमधल्या ट्राउट माशांवर वापरली. हिशोब असा: २०० मासे पकडा, खूण करा, सोडून द्या. काही दिवसांनी १०० पकडा. त्यात १० खुणेचे निघाले, तर तुमचे २०० म्हणजे एकूण माशांचा दहावा हिस्सा. तळ्यात साधारण २,००० मासे. प्रत्येकी अर्धा किलो धरला तर १,००० किलो.

आता खरी गोम. हे १,००० किलो म्हणजे मुद्दल आहे, व्याज नाही. जिथे मासेमारी झालेलीच नाही तिथे म्हातारे, मोठे मासे साठत जातात. म्हणून पहिल्या दोन-तीन वर्षांत जाळी भरून निघतात, व्यापारी टेम्पो लावतात, संस्था कर्ज काढून नवी नाव घेते. आणि मग अचानक जाळं हलकं लागायला लागतं.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन गलंड याने १९७१ मध्ये अशा 'कोऱ्या' साठ्यासाठी एक सूत्र मांडलं: एकूण वजन गुणिले नैसर्गिक मृत्युदर, आणि त्याचा निम्मा. मृत्युदर ०.६ असेल तर आपल्या तळ्यातून वर्षाला ३०० किलो. नंतरच्या अभ्यासकांना हा आकडाही जास्तच वाटला. आणि मृत्युदरच चुकीचा धरला तर? न्यूझीलंडच्या खोल समुद्रातला ऑरेंज रफी १९७० च्या दशकाच्या शेवटी जाळ्यात यायला लागला. आधी वाटलं, साधारण मासा आहे. मग कानातल्या हाडाच्या वलयांवरून कळलं की तो शंभर वर्षांच्या पुढे जगतो. त्याचा दर आहे ०.०४५ च्या आसपास. त्या हिशोबाने १,००० किलोमागे जेमतेम २२ किलो! तोवर बरेच साठे उपसून झाले होते.

पण माझ्या मते आपल्याकडे हे सूत्र लावायच्या आधीच एक घोळ होतो. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन त्यांची वीण घडवली आणि तिथून बोटुकली विकत आणून तलावात सोडायची पद्धत पसरली. म्हणजे तुमच्या 'न पकडलेल्या' तलावात मोठा रोहू दिसला, तर तो कोणीतरी कधीतरी सोडलेला आहे. तो काढला की संपला. त्याच्यावर व्याज शून्य. व्याज मिळतं ते मरळ, शिंगी यांसारख्या तिथेच वाढणाऱ्या माशांवर. त्यांना काठचं गवत आणि पाणवनस्पती लागतात. म्हणूनच अर्जुनी मोरगावकडे मनीष राजनकर आणि त्यांच्या ढिवर सहकाऱ्यांनी तलावातली बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या. हे काम मला कुठल्याही सूत्रापेक्षा मोलाचं वाटतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. धानाला पाट सुटला की मामा तलाव उतरतो, उन्हाळ्यात कधी डबकं उरतं. नॉर्वेच्या तळ्याला हा त्रास नाही. म्हणून मोजणी करायची ती पाट सुटण्याआधी, एकदा उन्हाळ्यात पुन्हा, आणि प्रत्येक जातीची वेगळी. खुणा लावायला कोण? ज्यांना मरळ कुठल्या कोपऱ्यात पिल्लं सांभाळते ते माहीत आहे, ते ढिवरच. पहिल्या वर्षी विक्रीपेक्षा वहीच भरावी लागेल: तारीख, जात, वजन, खूण आहे की नाही. ठेक्याचा पहिला हप्ता त्या वर्षी माफ करायला कोणी तयार होईल का, हा प्रश्न मात्र तालुक्याच्या ठिकाणी जाऊन विचारावा लागेल.