गिअरबॉक्सची विश्वसनीयता, परिवर्तित क्रीडामोटारींतील

क्रीडामोटारीच्या एंजिनाची शक्ती मूळ आराखड्यापलीकडे वाढविल्यावर तो भार सोसत गिअर अचूक बदलत राहण्याची गिअरबॉक्सची क्षमता.

टर्बोचार्जर व संगणकीय नियंत्रण असलेल्या एंजिनांत (पहा : अंतर्ज्वलन एंजिन) केवळ आज्ञावली बदलून टॉर्क वाढविता येऊ लागला, तेव्हा हा प्रश्न ठळक झाला. २००७ साली जपानमध्ये विक्रीस आलेली निसान जीटी-आर हे याचे बोलके उदाहरण होय. तिचा सहा गतींचा द्विक्लच गिअरबॉक्स मागील आसाशी असून मूळ टॉर्क ५८८ न्यूटन-मीटर होता.

टॉर्क वाढला की दात मुळाशी वाकतात, पेटी ताणली जाऊन दंतचक्रांतील अंतर बदलते आणि क्लच घसरतो. घसरणीची उष्णता तेलात उतरते. तेल जितके तापते तितके लवकर निकामी होते. यवतमाळसारख्या जिल्ह्यात उन्हाळी पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढत असल्याने तेलशीतक अत्यावश्यक ठरतो. तेल सोडताना चुंबकी बुचावरचा करडा, पिठासारखा थर नेहमीच्या झिजेचा असतो; बोटाला टोचणारी पोलादी कपची मात्र दात तुटल्याची खूण. तिरकस दातांऐवजी सरळ दातांची चक्रे वापरल्यास अक्षीय रेटा नाहीसा होतो, आवाज मात्र वाढतो (पहा : दंतचक्र).

गिअरबॉक्स अचानक अडकल्यास चाके जखडून मोटार बेताल होते, म्हणून हा विषय प्रथम सुरक्षिततेचा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही (पहा : मोटारगाडी).