शाळा आहे, पण पोरगं राहणार कुठं?

दसरा चौकातून जाताना जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग अशा पाट्या तुम्ही शंभर वेळा पाहिल्या असतील. मीही पाहायचो आणि पुढं जायचो. आज थोडं थांबू.

साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी खेड्यातल्या हुशार पोराला कोल्हापुरात शिकायचं असेल, तर फी नंतरची गोष्ट. आधी प्रश्न, राहणार कुठं आणि जेवणार काय? शाहू महाराजांनी नेमकं हेच पकडलं. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. वेगवेगळ्या जातिधर्मांची वसतिगृहं उभी राहत गेली.

1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड! पण अस्पृश्यांच्या शाळा तोवर वेगळ्याच होत्या. 1919 मध्ये महाराजांनी त्या बंद केल्या आणि ती मुलं सगळ्यांच्या शाळेत बसवायला लावली. म्हणजे राहण्या-जेवण्याची सोय हवी तशी करा, पण शाळा एकच.

आता आजच्या कोल्हापुरात या. दिवाळीच्या आसपास बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. सोबत पोरं. ती धाकट्या भावंडांना सांभाळतात, आणि गावच्या शाळेत त्यांचं नाव नुसतं हजेरीपटावर राहतं.

यावर दोन उपाय आले. एक, कारखान्याजवळची साखरशाळा. दुसरा, हंगामी वसतिगृह: पोरगं आजी-आजोबांकडं गावातच राहतं, जेवणाची सोय होते, शाळा तुटत नाही. मला दुसरा जास्त पटतो, कारण तो बोर्डिंगच्या वाटेवरचा आहे. पण ज्याच्या घरी मागं कुणीच नाही, त्याला फडावर यावंच लागतं. त्याच्यासाठी साखरशाळा किंवा जवळची झेडपीची शाळा हवीच.

आणि हे लक्षात ठेवा. शिक्षण हक्क कायद्यानुसार 6 ते 14 वर्षांच्या मुलाला वयानुसार वर्गात बसवायचं असतं, राहिलेला अभ्यास भरून काढायला खास शिकवणी द्यायची असते. जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला, म्हणून सरकारी शाळेला प्रवेश अडवता येत नाही.

तुमच्या गावाच्या शिवारात यंदा टोळी उतरली, तर एवढं शाळेतल्या गुरुजींच्या कानावर घाला. भेटू पुढच्या भागात!