किट विमान

किट विमान : कारखान्यातून सुट्या भागांच्या रूपात विकत घेऊन मालकाने स्वतः, बहुधा घरच्या गॅरेजात, जुळवलेले लहान विमान. आसने साधारणपणे दोन किंवा चार, इंजिन एक. नुसते नकाशे विकत घेऊन पत्रा, लाकूड, कापड सगळे आपणच जमवले तर ते नकाशावरून बांधलेले विमान. दोन्ही प्रकार मिळून ‘होमबिल्ट’ हा वर्ग होतो. ‘किट’ म्हटल्यावर खेळण्याचे खोके डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’च्या आरव्ही-७ या दोन आसनी विमानासाठी ती कंपनी स्वतःच दीड ते दोन हजार तासांचे काम सांगते. नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी बसणाऱ्या माणसाची त्यात काही वर्षे सहज जातात.

या वर्गाचे आजचे मुख्य घर अमेरिका. तेथील नियमानुसार विमानाच्या बांधणीचा मोठा भाग हौशी व्यक्तीने, शिक्षण किंवा विरंगुळा म्हणून केलेला असावा लागतो. बोलण्यात याला ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणतात, पण मूळ नियमात आकडा नाही, ‘मोठा भाग’ एवढेच शब्द आहेत. मोजणी पैशांची किंवा तासांची नसून कामांची होते. इंजिन, प्रोपेलर, चाके, उपकरणे तयार आणली तरी चालतात. पंख आणि धड अर्धे जुळवून देणारे महागडे ‘क्विकबिल्ट’ संचही या रेषेच्या आत राहतील इतकेच पुढे नेलेले असतात.

या नियमाचा एक परिणाम सहसा दुर्लक्षित राहतो. कायद्याच्या दृष्टीने विमानाचा निर्माता किट विकणारी कंपनी नसून बांधणारा माणूस असतो. उद्या कोणा पाटलांनी सिएटलमध्ये आरव्ही-७ पूर्ण केले, तर विमानावरच्या धातूच्या पट्टीवर निर्माता म्हणून पाटील हेच नाव कोरले जाईल. आत शिरताना दिसेल असा ‘एक्स्पेरिमेंटल’ हा शब्द किमान २ इंच उंचीच्या अक्षरांत रंगवावा लागतो. भाडे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. बदल्यात बांधणाऱ्याला आपल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचा दाखला मिळतो. तो विमानाबरोबर विकता येत नाही.

घरी विमान बांधण्याची पहिली मोठी लाट फ्रान्समधली. आंरी मिन्ये यांनी १९३३ साली ‘पू-द्यु-सिएल’, म्हणजे आकाशातली पिसू, हे इवलेसे विमान उडवले आणि पुढच्या वर्षी ते कसे बांधायचे याचे पुस्तक काढले. फ्रान्स-इंग्लंडात लोकांनी हौसेने पिसवा बांधल्या आणि त्यांतले काही जण मेले. वातबोगद्यातल्या चाचण्यांत दिसले, की विमान एका मर्यादेपलीकडे नाक खाली करून झेपावले, की एकामागे एक असलेल्या दोन पंखांच्या परस्पर परिणामामुळे त्याला पुन्हा वर काढता येत नाही. १९३६ मध्ये बंदी आली. दोष सुतारकामात नव्हता, आराखड्यात होता. घरी बांधणाऱ्याने आराखडा कोणाचा घ्यावा हा प्रश्न तेव्हापासूनचा.

अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकीत ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ स्थापली. तिचा उन्हाळी मेळावा १९७० पासून विस्कॉन्सिनमधल्याच ऑशकॉशला भरतो. या छंदाची ती पंढरीच. बर्ट रुटान यांनी १९७० च्या दशकात फोम कापून त्यावर काचतंतू आणि राळ चढवण्याची साच्याविना पद्धत रूढ केली. मात्र किटच्या बाजारावर छाप पडली ती रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या ऑरेगनमधील ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ची. तिच्या आरव्ही मालिकेतली ११ हजारांहून अधिक विमाने आजवर उडाली आहेत. ही विमाने ॲल्युमिनियमच्या पत्र्याची असतात. पूर्वी पंख सरळ राहावा म्हणून आधी लाकडी किंवा लोखंडी चौकट उभारावी लागे. पुढे संगणकाच्या मदतीने पाडलेली भोके कारखान्यातूनच येऊ लागली. भोकाला भोक जुळले की भाग आपोआप सरळ बसतो.

काम मात्र संपत नाही. प्रत्येक भाग निदान दोनदा जुळतो. प्रथम क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या तात्पुरत्या खिळ्यांनी पत्रे एकत्र धरून भोके अंतिम मापाची करायची. मग सगळे पुन्हा सोडवून प्रत्येक भोकाची कड दोन्ही बाजूंनी गुळगुळीत करायची. राहिलेल्या ओरखड्यातूनच पुढे तडा सुरू होतो. रिव्हेटचे डोके पृष्ठभागाशी सपाट बसावे म्हणून भोकाभोवती खळगा दाबायचा, गंजरोधक प्रायमर मारायचा, मग कायमची जुळणी. रिव्हेट ठोकताना बाहेरून हवेच्या दाबावर चालणारी गन आणि आतून पोलादी ठोकळा लागतो. पंखाच्या आत हात घालून तो ठोकळा धरायला बहुतेक घरांत नवरा, बायको किंवा बारीक हाताचे पोर कामी येते. आतल्या बाजूचे चेपलेले डोके रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि अर्ध्या व्यासाइतके उंच झाले पाहिजे. बिघडले तर ते पोखरून काढायचे आणि नवे मारायचे. सुरुवात शेपटीपासून करतात: भाग छोटा, पैसे कमी, चूक स्वस्तात शिकवते.

या साखळीत भोकाला किती महत्त्व आहे हे २०२३ साली दिसले. व्हॅन्सच्या लेसरने कापलेल्या काही भागांत खळगा दाबताना भोकाच्या कडेला तडे जाऊ लागले. भाग बदलून देण्याचा बोजा आणि इतर वाढलेले खर्च यांखाली कंपनीने त्याच डिसेंबरात दिवाळखोरीचे संरक्षण मागितले. पुनर्रचनेनंतर ती सावरली.

पंख शेवटी विमानतळावरच बसवतात. ते गॅरेजात लावले तर विमान दारातून बाहेर येणार नाही. तपासनिसाने दाखला दिल्यावरही पहिला टप्पा चाचणीचा. ठरलेल्या क्षेत्रातच उडायचे. रूढ नियमाने प्रमाणित इंजिन-प्रोपेलरच्या जोडीला २५ तास, एरवी ४०.

सुरक्षेचा हिशेब या वर्गाला अनुकूल नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अभ्यासानुसार खासगी व लहान विमानांच्या ताफ्यात ही विमाने सुमारे १० टक्के होती, पण २०११ मधील प्राणघातक अपघातांत त्यांचा वाटा सुमारे २१ टक्के होता. अपघातांतली निम्म्याहून अधिक विमाने बांधणाऱ्याच्या हातात नव्हती, वापरलेली म्हणून विकत घेतलेली होती. गायक जॉन डेन्व्हर यांचा मृत्यू याचे ठळक उदाहरण. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात त्यांचे रुटान आराखड्याचे लाँग-ईझी कोसळले. हे विमान त्यांनी नुकतेच घेतलेले होते. इंधनाची टाकी बदलण्याची चावी मूळ आराखड्यात वैमानिकाच्या पायांमध्ये होती. बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागे नेली होती. तिच्यापर्यंत हात नेताना अंग वळले आणि पाय रडरच्या पेडलवर दाबला गेला असावा, असा तपासाचा निष्कर्ष. बांधणाऱ्याने ज्या सोयीने चावी हलवली, ती नव्या मालकाच्या अंगवळणी पडलेली नव्हती.

भारतात हा छंद विरळाच. बंगळूरच्या राज हंस कंपनीची एक्स-एअर ही अतिहलकी विमाने मात्र किटच्या रूपात परदेशांत गेली आहेत. महाराष्ट्रात या संदर्भात कॅप्टन अमोल यादव यांचे नाव घेतले जाते. त्यांचे सहा आसनी विमान या नोंदीच्या व्याख्येत बसत नाही, कारण ते किट नव्हे, आराखडाही त्यांचाच. जेट एअरवेजमध्ये वैमानिक असताना त्यांनी ते कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर बांधले. नोंदणीला २०१७ उजाडले, चाचणी-उड्डाणाच्या परवान्याला २०१९. गॅरेजच्या दाराची अडचण इथे नव्हती, गच्चीच्या उंचीची होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडण्यासाठी ते सुटे करून क्रेनने खाली उतरवावे लागले.