विंडोज ३.१ सुरूच होत नाही? दोष नेमका कुठे आहे, ते असं शोधा

माळ्यावरचा जुना ३८६ किंवा ४८६ कॉम्प्युटर सुरू तर झाला, पण विंडोज ३.१ चा लोगो दिसला आणि पुन्हा डॉसचा प्रॉम्प्ट आला? लगेच फॉरमॅट करू नका. हार्ड डिस्कवरच्या जुन्या फाइल्स अनेकदा शाबूत असतात, फक्त विंडोज आणि एखाद्या हार्डवेअरचं जुळत नसतं.

असं का होतं?

एप्रिल १९९२ मध्ये आलेलं विंडोज ३.१ डॉसच्या वर चालतं. जोडलेलं कार्ड आपोआप ओळखून सेटिंग करणारी ‘प्लग अँड प्ले’ सोय १९९५ च्या विंडोज ९५ सोबत आली. त्याआधी कार्डवरचे जंपर हातानेच बदलावे लागत.

प्रोसेसरला हाक मारण्यासाठी अनेक कार्डांना एक लाइन लागते, तिला आयआरक्यू म्हणतात. कॉम १ आणि कॉम ३ सहसा आयआरक्यू ४ वापरतात, तर कॉम २ आणि कॉम ४ आयआरक्यू ३. त्यामुळे माउस कॉम १ वर आणि मोडेम कॉम ३ वर असेल, तर मोडेम वापरताच माउस गोठू शकतो. साउंड कार्ड आयआरक्यू ७ वर असेल, तर प्रिंटरशी भांडण होऊ शकतं.

आधी हे करा

डॉसमधूनच महत्त्वाच्या फाइल्स फ्लॉपीवर घ्या. ‘सिस्टिम.आयएनआय’ आणि ‘विन.आयएनआय’ यांची कॉपी ठेवा. एका वेळी एकच बदल करा.

दोष शोधण्याच्या पायऱ्या

(इथल्या आज्ञा टाइप करताना रोमन अक्षरं वापरा.)

१. विन /एस: विंडोज स्टँडर्ड मोडमध्ये सुरू होतं. हे चाललं, तर दोष ३८६ एन्हान्स्ड मोडमध्ये आहे. पुढच्या दोन पायऱ्या त्यासाठीच आहेत.

२. विन /डी:एक्स: ६४० केबी ते १ एमबीमधली जागा विंडोज वापरत नाही. याने काम झालं, तर व्हिडिओ किंवा नेटवर्क कार्डच्या मेमरीशी टक्कर होत आहे. सिस्टिम.आयएनआयच्या ‘३८६ईएनएच’ विभागात ‘ईएमएमएक्सक्लूड’ ही ओळ लिहून त्या कार्डचा पत्ता वगळा.

३. विन /डी:एफ: ३२-बिट डिस्क अ‍ॅक्सेस बंद होतो. फरक पडला, तर कंट्रोल पॅनलमधून तो कायमचा बंद करा. वीज वाचवण्यासाठी डिस्क थांबवणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर हा पर्याय चालू ठेवल्यास डेटा खराब होण्याचा धोका असतो.

४. स्टँडर्ड मोडही चालत नसेल, तर कॉन्फिग.सिसमध्ये ‘हायमेम.सिस’ची ओळ आहे का ते बघा. ती असेल, तर डिस्प्ले ड्रायव्हर तपासा. डॉसमधून विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘सेटअप’ चालवून साधा ‘व्हीजीए’ निवडा.

५. इन्स्टॉल करतानाच मशीन अडकत असेल, तर ‘सेटअप /आय’ वापरा. आपोआप हार्डवेअर ओळखण्याची पायरी टळते आणि यादीतून निवड तुम्ही करता.

तरीही कळत नसेल तर?

‘विन /बी’ दिल्यावर ‘बूटलॉग.टीएक्सटी’ ही फाइल तयार होते. सुरू होताना गाडी कुठे अडली, याचा माग तिच्यात मिळतो. सोबत येणारा ‘एमएसडी’ प्रोग्राम आयआरक्यूची यादी दाखवतो. तो विंडोजमधून नव्हे, डॉसमधून चालवा, म्हणजे माहिती जास्त भरवशाची मिळेल.