ख्रिस्ती दृष्टिकोनातून स्त्रीवाद : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील स्त्रीसुधारणेच्या इतिहासात पुणे व मुंबई या शहरांची चर्चा विपुल प्रमाणात झाली आहे. त्या मानाने अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याचा विचार मिशनच्या शाळांच्या उल्लेखापलीकडे क्वचितच जातो. ख्रिस्ती मिशनने स्त्रियांना शिक्षण दिले, एवढेच विधान करून थांबल्यास एक मूलभूत प्रश्न अनुत्तरित राहतो. शिकलेल्या स्त्रीने स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यावा, हे ख्रिस्ती समाजाला कितपत मान्य होते? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या अनुषंगाने विवेचन केले आहे.

मिशनचे स्त्रीशिक्षण

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य अहमदनगर येथे १८३१ मध्ये सुरू झाले. १८२७ मध्ये मुंबईत आलेल्या सिंथिया फॅरार या अविवाहित शिक्षिका १८३९ पासून अहमदनगर येथे कार्य करू लागल्या आणि १८६२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून आपणांस प्रेरणा मिळाली, असे महात्मा जोतीराव फुले यांनी नमूद केले आहे. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. याच परंपरेतील पुढचा दुवा म्हणजे फुले यांच्या शाळेत शिकलेली मातंग समाजातील मुक्ता साळवे. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. हे नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगर येथेच सुरू झाले होते.

मात्र मिशनच्या स्त्रीशिक्षणाचा हेतू मर्यादित होता. वाचन, शिवणकाम व धर्मशिक्षण यांद्वारे सुगृहिणी तसेच धर्मोपदेशकांच्या सुयोग्य पत्नी घडविणे, हे त्याचे एक प्रमुख उद्दिष्ट होते. परंतु प्रत्येकाने धर्मग्रंथ स्वतः वाचावा, या प्रॉटेस्टंट भूमिकेतच या मर्यादेला छेद देण्याची शक्ती होती. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताच्या ठायी स्त्री-पुरुष भेद उरत नाही असे प्रतिपादन आहे, तर करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्त्रियांनी मंडळीत मौन पाळावे असा आदेश आहे. दोन्ही वचने वाचू शकणाऱ्या स्त्रीला त्यांतील विसंगती दिसणे अपरिहार्य होते.

लक्ष्मीबाई टिळक : स्वतंत्र निर्णयाचे उदाहरण

या दृष्टीने लक्ष्मीबाई टिळक यांचे चरित्र विशेष महत्त्वाचे ठरते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पतीचा धर्म तोच पत्नीचा धर्म, ही तत्कालीन समजूत लक्ष्मीबाईंनी मान्य केली नाही. काही वर्षे त्या पतीपासून विभक्त राहिल्या. पुढे एकत्र राहू लागल्यावरही प्रारंभी त्यांनी आपले सोवळेओवळे सोडले नाही. जातिभेद ही मानवनिर्मित गोष्ट आहे, या निष्कर्षाप्रत त्या स्वतःच्या चिंतनातून आल्या आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजेच त्यांचा प्रारंभीचा नकार जसा स्वतःचा होता, तसाच नंतरचा स्वीकारही स्वतःचा होता. अहमदनगर व राहुरी येथील वास्तव्याच्या अनेक आठवणी त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आल्या आहेत. शालेय शिक्षण न मिळालेल्या स्त्रीने मराठी गद्याला दिलेली ही देणगी १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली.

पंडिता रमाबाई यांचा अनुभवही याच स्वरूपाचा आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्यांनी धर्माधिकाऱ्यांचे मत विनाचिकित्सा स्वीकारले नाही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास भारतातील बिशपांनी हरकत घेतली असता आपल्या सदसद्विवेकबुद्धीचा अधिकार त्यांनी ठामपणे मांडला.

तथापि या दोघीही ब्राह्मण कुटुंबांत जन्मलेल्या होत्या. जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज मात्र मुख्यत्वे महार व मांग या जातींतून आलेला होता. त्यांतील ज्या स्त्रियांनी ‘बायबल वूमन’ म्हणून खेडोपाडी वाचन व अध्यापन केले, त्यांचे जीवन प्रामुख्याने मिशनच्या अहवालांतूनच ज्ञात होते. त्यांचे स्वतःचे लेखन अत्यल्प आहे. ख्रिस्ती स्त्रीवादाच्या इतिहासलेखनातील ही मोठी उणीव होय.

कायदा आणि विषमता

धर्मातील समतेचे तत्त्व कायद्यात मात्र उतरले नाही. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरेसे होते. पत्नीला मात्र व्यभिचारासोबत क्रूरता, परित्याग यांसारखे अन्य कारणही सिद्ध करावे लागे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने या कायद्यातील विषम तरतुदी रद्दबातल ठरविल्या आणि २००१ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. तोवर १३२ वर्षे लोटली होती.

निष्कर्ष

अहमदनगर जिल्ह्याच्या इतिहासावरून असे दिसते की, ख्रिस्ती धर्माने स्त्रीला समता आयती दिली नाही. तिच्या हाती ग्रंथ दिला आणि त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार तिने स्वतः मिळविला. या स्त्रीवादाचे अधिष्ठान सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात आहे. लक्ष्मीबाईंच्या स्वीकाराचा गौरव करणाऱ्या समाजाने त्यांच्या नकाराचाही तितकाच आदर करणे आवश्यक आहे. हा निकष आज मंडळी, कुटुंब आणि शिक्षणसंस्था या तिन्ही ठिकाणी लावून पाहिला पाहिजे. तसेच ज्या दलित ख्रिस्ती स्त्रियांची केवळ अहवालांत नोंद झाली, त्यांच्या मौखिक आठवणींचे संकलन जिल्ह्यातील महाविद्यालयांनी हाती घेणे अगत्याचे आहे.